नोंद कोणाची आणि पैसे कशाचे?

ऑनलाइन डिरेक्टरी चालवणारे आणि त्या डिरेक्टरीत ज्यांच्या धंद्यांची नावं असतात ते व्यावसायिक, यांच्यातला एक वाद वर्षानुवर्षं संपत नाही. 'ही नोंद माझ्या धंद्याची आहे, तिचा ताबा मला द्या' असं म्हणणाऱ्याकडून पडताळणीचे पैसे घ्यावेत का? एक बाजू म्हणते, फुकट ठेवलं की खोट्या दाव्यांचा पूर येतो. दुसरी म्हणते, आमच्याच नावासाठी आमच्याकडून पैसे मागणं ही सरळसरळ खंडणी. मग चर्चा घसरते ती रकमेवर: किती घ्यावेत, एकदाच की दरवर्षी, लहान धंद्याला सवलत असावी का. त्या पैशांच्या बदल्यात नेमकं काय विकलं जातं, हे मात्र कोणी विचारत नाही. माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगतो. मालकीची पडताळणी डिरेक्टरी आपल्या वाचकासाठी करते. पैशांचा व्यवहार ती व्यावसायिकाशी करते. या दोन गोष्टींची गाठ बांधली की दोन्ही नासतात. म्हणून नोंदीचा ताबा देताना काहीही आकारू नये, पैसे भरले हा मालकीचा पुरावा मानू नये, आणि पडताळणी पूर्ण होण्याआधी कोणाकडून कसलेही पैसे स्वीकारू नयेत.

हा प्रश्न नवा का वाटतो, ते जुन्या डिरेक्टरीकडे पाहिलं की कळतं. २१ फेब्रुवारी १८७८ रोजी अमेरिकेतल्या न्यू हेवन शहरात पहिली टेलिफोन डिरेक्टरी निघाली. ती एकच पान होती. त्यावर ५० नावं होती आणि नंबर एकही नव्हता, कारण ऑपरेटरला नाव सांगितलं की तिकडून जोडून मिळायचं. त्या पानावर एखादं खोटं दुकान का घुसू शकलं नाही? कारण नाव छापण्याआधी कंपनीचा माणूस त्या जागेपर्यंत तार ओढून आला होता. ती तार हीच पडताळणी होती. पुढे यलो पेजेस, म्हणजे धंद्यांची फोन डिरेक्टरी आली, तेव्हाही धंद्याच्या फोनजोडणीबरोबर एक साधी ओळ छापून यायची, आणि ठळक अक्षरं, चौकट, मोठी जाहिरात यांचे पैसे वेगळे लागायचे. नाव असणं आणि नाव उठून दिसणं हे दोन हिशेब तेव्हाच वेगळे झाले होते. आजच्या डिरेक्टरीकडे ती तार नाही. तिच्याकडे आहे एक फॉर्म, तो कोणीही, कुठूनही, कोणाच्याही नावाने भरू शकतो. तारेची जागा कशाने भरून काढायची, हा खरा प्रश्न आहे. पैसे भरण्याचं बटण ती जागा भरून काढतं असं मानणं ही या वादातली सगळ्यात मोठी चूक आहे.

आणखी एक फरक आहे आणि तो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. आजच्या बहुतेक डिरेक्टऱ्या व्यावसायिकाला विचारून नोंद करत नाहीत. सार्वजनिक याद्या, नकाशे, जुन्या डिरेक्टऱ्या, वाचकांनी भरलेली माहिती यांतून पान आपोआप तयार होतं. धंद्याच्या मालकाला कळतं ते पानावर चुकीची वेळ किंवा बंद पडलेला फोन नंबर दिसतो तेव्हा. आता तो दुरुस्ती करायला जातो आणि त्याला सांगितलं जातं, आधी मालकी सिद्ध करा, आणि त्यासाठी अमुक रक्कम भरा. म्हणजे दार त्याच्या नावाचं, ते बांधलं दुसऱ्याने त्याला न विचारता, आणि किल्लीचे पैसे मात्र त्याने द्यायचे. त्याच्या जागी आपण असतो तर काय म्हटलं असतं? डिरेक्टरीला या पानाचा फायदा आधीच मिळतो आहे. वाचक येतात, शेजारी जाहिराती दिसतात. पान बरोबर ठेवणं हा त्या फायद्याच्या बदल्यातला डिरेक्टरीचा खर्च आहे. तो पानावर ज्याचं नाव आहे त्याच्या माथी मारणं कोणत्याही हिशेबाने न्याय्य ठरत नाही.

पण समोरची बाजू पोकळ नाही, आणि तिचे मुद्दे झटकून टाकणाऱ्यांनीच हा वाद बिघडवला आहे. पडताळणीला खरोखर पैसे लागतात. फोन करायला माणूस लागतो, पत्र पाठवायला टपालखर्च लागतो, कागदपत्रं पाहायला वेळ आणि जाण असलेली नजर लागते. दोन दावेदार भांडू लागले की एकेका प्रकरणात दिवस जातात. दुसरा मुद्दा याहून वजनदार आहे: थोडीशी फी घेतली तरी घाऊक खोटेपणा खरंच कमी होतो. जो माणूस एका रात्रीत हजार नोंदींवर दावा ठोकतो, त्याला हजार वेळा पैसे मोजावे लागले तर तो दुसरीकडे वळेल. शिवाय कार्डाने किंवा बँकेतून पैसे आले की मागे एक माग राहतो, नाव राहतं, खातं राहतं. हे सगळं मी मान्य करतो.

मान्य करूनही विचारतो: फी नेमकी कोणाला अडवते? गूगल आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाची सॅन डिएगो शाखा यांच्या संशोधकांनी २०१७ मध्ये गूगल मॅप्सवरच्या एक लाखाहून अधिक फसव्या नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतल्या सुमारे ४० टक्के नोंदी घरी बोलावून घ्यायच्या कारागिरांच्या नावाने होत्या: कुलूप उघडणारे, नळ दुरुस्त करणारे, वीजकाम करणारे. याचं कारण उघड आहे. दाराबाहेर अडकलेला माणूस चौकशी करत बसत नाही. फोनवर एक दर सांगायचा आणि दारात उभं राहून कितीतरी पट उकळायचे, हा या धंद्याचा ठरलेला खेळ. तिथे एका गिऱ्हाइकात पडताळणीची फी वसूल होते. म्हणजे ज्या फसवणुकीने वाचकाचं सगळ्यात जास्त नुकसान होतं, तिला ही फी किरकोळ भांडवली खर्च वाटते. आणि ज्याचा धंदा बेताचा चालतो, ज्याला या डिरेक्टरीतून महिन्याला चारच गिऱ्हाइकं मिळतात, तो खरा मालक ती फी पाहून नाद सोडतो. त्याची नोंद बेवारस राहते, आणि दुसऱ्याने बळकवायला बेवारस नोंदच सोपी असते. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. त्याच अभ्यासात आढळलं होतं की फसव्या नोंदींपैकी दहात एकाहून अधिक नोंदी खऱ्या, चालू धंद्यांच्या होत्या; फक्त त्यांची मालकी भलत्यानेच आपल्या नावावर करून घेतली होती. घाऊक दावे रोखायचे तर एका खात्याला दिवसाला किती दावे करता येतील याला मर्यादा घाला, टपालाने कोड पाठवा, प्रत्येक दाव्याला थोडा वेळ लागू द्या. वेळ ही फसवणाऱ्याला परवडत नसलेली किंमत आहे, आणि खऱ्या मालकाच्या खिशाला तिचा भार पडत नाही.

पैसे आणि ओळख एकत्र केल्यावर काय होतं याचा मोठा प्रयोग सगळ्या जगासमोर होऊन गेला आहे. ट्विटरने २००९ मध्ये निळी खूण आणली, कारण नामांकित माणसांच्या नावाने खोटी खाती निघत होती. त्या खुणेचा अर्थ एवढाच होता की हे खातं खरोखर त्या व्यक्तीचं किंवा संस्थेचं आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये तीच खूण महिन्याला ८ डॉलर भरणाऱ्याला मिळू लागली. लगेच एलाय लिली या औषध कंपनीच्या नावाच्या, निळी खूण मिरवणाऱ्या एका खोट्या खात्यावरून जाहीर झालं की इन्सुलिन आता मोफत. खऱ्या कंपनीला खुलासा करून दिलगिरी व्यक्त करावी लागली आणि ट्विटरला ती योजना काही दिवसांतच थांबवावी लागली. ८ डॉलर भरल्याचा माग तर तिथेही होताच. त्या मागाने वाचकाला त्या क्षणी काय मदत झाली? माग नंतर तपास करणाऱ्याच्या उपयोगाचा असतो, आणि चोरीच्या कार्डाचा माग तर भलत्याच निरपराध माणसाच्या दारात जाऊन थांबतो.

आता माझ्या भूमिकेवरचा सगळ्यात कठीण आक्षेप. ज्याची तपासणी करायची त्याच्याकडूनच पैसे घेऊन चोख काम करणाऱ्या संस्था जगात आहेत. लॉइड्स रजिस्टर हे त्यातलं ठळक नाव. लंडनमधल्या लॉइडच्या कॉफी हाउसात जमणाऱ्या विमेकऱ्यांनी १७६० मध्ये जहाजांची प्रतवारी ठेवणारी संस्था काढली. जहाज कसं आहे हे कळल्याशिवाय विमा कसा उतरवणार? तेव्हा यादी वाचणाऱ्यांची होती आणि खर्चही त्यांचाच. ती प्रतवारी जहाजमालकांना अन्यायाची वाटली, म्हणून त्यांनी १७९९ मध्ये स्वतःचं वेगळं रजिस्टर काढलं. विमेकऱ्यांचं हिरवं पुस्तक आणि मालकांचं लाल पुस्तक अशा दोन याद्या पस्तीस वर्षं एकमेकींशी झगडत राहिल्या आणि दोन्ही डबघाईला आल्या. १८३४ मध्ये त्या एक झाल्या. नव्या व्यवस्थेत जहाजमालक सर्वेक्षणाची फी भरत, पण संस्थेच्या समितीवर मालकांबरोबर विमेकरी आणि व्यापारीही बसत. व्यवस्था टिकली. मग डिरेक्टरीला का जमू नये?

जमण्याच्या अटी पाहा. जहाजमालक स्वतःहून तपासणीला येत असे. त्याचं जहाज त्याला न विचारता कोणी यादीत टाकलं नव्हतं. फी सर्वेक्षकाच्या श्रमाची होती आणि निकाल काहीही लागला तरी द्यावी लागे. आणि खोट्या प्रतीने ज्यांचे पैसे बुडाले असते तेच लोक निर्णयाच्या जागी बसलेले होते. यातली एक तरी अट आजच्या डिरेक्टरीत आहे का? तिथे दावा मंजूर झाला तर पुढे वर्गणी मिळते आणि नामंजूर झाला तर गिऱ्हाईक जातं. वाचकाच्या वतीने बोलणारं त्या खोलीत कोणी नसतं. लाल पुस्तक पुन्हा छापायचं आणि १८३४ चा दाखला द्यायचा, हे चालणार नाही. उलट उदाहरण हवं असेल तर पतमानांकन संस्थांचं घ्या, म्हणजे कर्जरोख्यांचे पैसे परत मिळण्याची शक्यता किती याची प्रत ठरवणाऱ्यांचं. या संस्था आधी गुंतवणूकदारांना पुस्तकं विकून चालायच्या; १९७० च्या दशकात त्या रोखे काढणाऱ्यांकडूनच फी घेऊ लागल्या. त्यातून आलेला हितसंबंधांचा गुंता २००८ च्या आर्थिक संकटानंतर सगळ्यांनी पाहिला.

तरी दुसऱ्या बाजूलाही थोडं थांबवलं पाहिजे. 'खंडणी' हा शब्द फार सैल वापरला जातो. येल्प या धंद्यांचे अभिप्राय छापणाऱ्या अमेरिकी संकेतस्थळावर काही व्यावसायिकांनी आरोप केला होता की जाहिरात न घेतल्यामुळे त्यांच्या पानावरचे चांगले अभिप्राय मागे पडले. येल्पने तो सतत नाकारला. २०१४ मध्ये अमेरिकेच्या नवव्या सर्किटच्या (न्यायालयीन विभागाच्या) अपील न्यायालयाने दावा फेटाळणारा निकाल कायम ठेवला. चांगले अभिप्राय दिसण्याचा हक्क व्यावसायिकाला मुळातच नव्हता, त्यामुळे त्याला खंडणी म्हणता येणार नाही, असा त्या निकालाचा आशय होता. २०१५ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहित पाहणाऱ्या सरकारी संस्थेनेही चौकशी कारवाई न करता बंद केली. म्हणजे कायद्याच्या भाषेत हा शब्द टिकत नाही. पण न्यायालयात जिंकूनही संशय का मिटत नाही, हे डिरेक्टरी चालवणाऱ्यांनी स्वतःला विचारायला हवं. पडताळणी करणारा आणि जाहिरात विकणारा एकाच टेबलावर बसत असेल, एकाच फोनमध्ये दोन्ही गोष्टी बोलत असेल, तर ऐकणाऱ्याने त्या दोन्ही वेगळ्या कशा मानायच्या? कुंपणच शेत खातंय असं लोकांना वाटू लागलं की कुंपणाने कितीही शपथा घेतल्या तरी उपयोग होत नाही.

मग पडताळणी कशाची करायची? 'मालकी' हा शब्दच नीट तपासायला हवा, कारण मालकी, ताबा आणि वहिवाट या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. नोंदीवर दावा सांगायला अनेकदा मालक येतच नाही. येतो व्यवस्थापक, पुतण्या, संकेतस्थळ बनवून देणारा, जाहिरात एजन्सीचा माणूस. तो खोटं बोलत असतो असंही नाही. पण नोंद एजन्सीच्या नावावर चढली आणि वर्षभराने मालकाचं तिच्याशी बिनसलं, की मालक स्वतःच्याच पानाबाहेर उभा राहतो. म्हणून नोंदीचा मालक आणि नोंद सांभाळणारा मुखत्यार असे दोन हुद्दे वेगळे हवेत, आणि मुखत्याराला काढण्याचा अधिकार कायम मालकाकडे हवा. कंपनीच्या नोंदणीचे कागद आणले म्हणजे झालं, असंही नाही. २०१७ मध्ये एका सुरक्षा संशोधकाने अमेरिकेतल्या केंटकी राज्यात 'स्ट्राइप' नावाची कंपनी अगदी रीतसर नोंदवली. ऑनलाइन पेमेंट हाताळणाऱ्या प्रसिद्ध स्ट्राइपशी तिचा संबंध नव्हता. तरी तिच्या संकेतस्थळाला त्या काळातलं सगळ्यात कडक पडताळणीचं प्रमाणपत्र मिळालं, कारण कागद खरे होते. फसवण्यासाठी त्याने हे केलं नव्हतं; या नावाची कंपनी आहे आणि तुम्हाला हवी ती कंपनी हीच आहे, यांत किती अंतर आहे ते त्याला दाखवायचं होतं.

या अंतरावरचा उपाय साधा आहे आणि तरीही तो सर्रास चुकवला जातो. कोड पाठवायचा तो दाव्याच्या आधीपासून, स्वतंत्रपणे माहीत असलेल्या पत्त्यावर किंवा नंबरावर. पानावरचा नंबर कोणीही बदलू शकत असेल आणि कोडही त्याच नंबरावर जात असेल, तर ती उंदराला मांजर साक्ष झाली. आज नंबर बदलायचा, उद्या दावा करायचा, परवा मालक व्हायचं. धंद्याच्या स्वतःच्या संकेतस्थळावर ठरावीक मजकुराची फाइल ठेवायला सांगणं, त्याच संकेतस्थळाच्या नावाच्या ईमेलवर कोड पाठवणं, जागेचा आणि आतल्या कामाचा सलग व्हिडिओ मागणं, यांतला प्रत्येक मार्ग कुठेतरी कच्चा आहे; म्हणून दोन वेगळ्या जातीचे पुरावे जुळावेत. बँकखात्यात नाममात्र रक्कम टाकून खातेदाराचं नाव पाहणं हाही एक पुरावा होऊ शकतो, पैशांच्या यंत्रणेचा तेवढा उपयोग मला मान्य आहे. मात्र तो खातं कोणाचं एवढंच सांगतो. आणि एकदा पाहिलेली ओळखपत्रं साठवून ठेवू नयेत. काय पाहिलं, कधी पाहिलं, कोणी पाहिलं, एवढी नोंद पुरते.

आता पैशांची बाजू. पडताळणी झालेल्या मालकाला ठळक जागा, जास्त छायाचित्रं, जाहिरात विकायला माझी काही हरकत नाही. त्यावरच डिरेक्टरी जगणार. पण तो व्यवहारही व्यवहारासारखा व्हावा. डिसेंबर २००४ मध्ये कार्ड कंपन्यांनी पीसीआय डीएसएस हे सुरक्षेचं मानक आणलं. त्याचा छोट्या डिरेक्टरीने काढायचा सरळ अर्थ असा की कार्डाचा नंबर आपल्या सर्व्हरला शिवूच देऊ नये, तो गेटवेच्या, म्हणजे ऑनलाइन पैसे स्वीकारून देणाऱ्या कंपनीच्या, पानावरच भरला जावा. पैसे आले की नाही हे ग्राहकाच्या ब्राउझरवरून ठरवायचं नसतं. 'धन्यवाद' लिहिलेलं पान उघडलं म्हणून वर्गणी चालू करणाऱ्या व्यवस्थेत तो पत्ता हाताने टाकूनही वर्गणी चालू करता येते. गेटवेकडून सर्व्हरला थेट येणारा, डिजिटल सही तपासलेला निरोप हाच खरा. आणि तोच निरोप दोनदा आला तरी हिशेबात एकदाच धरला गेला पाहिजे. पडताळणीआधी पैसे घेऊ नयेत या माझ्या आग्रहाचं कारणही इथे आहे. चोरीच्या कार्डाने तोतयाने पैसे भरले, खरा कार्डधारक जागा झाला, बँकेने चार्जबॅक केला, म्हणजे ते पैसे परत ओढून घेतले, की डिरेक्टरीच्या हाती ना पैसे राहतात ना अब्रू. दावा नाकारल्यावर रिफंड देण्यापेक्षा पैसे घेतलेच नसणं केव्हाही स्वस्त.

याहून नाजूक जागा पुढे आहे. धंदा विकला गेला तर? नोंद धंद्याबरोबर जाते, वर्गणी मात्र ज्याने भरली त्याची असते. दोन्ही एकाच खात्यात गुंफलेल्या असतील तर नवा मालक पान मागतो तेव्हा जुन्याच्या कार्डावरून पैसे कापले जातच राहतात, आणि जुना चिडून खातं बंद करतो तेव्हा नव्याचं पानच गायब होतं. नोंदीची वही आणि पैशांची वही पहिल्या दिवसापासून वेगळी ठेवली तर यातलं काही होत नाही. मालकाने वर्गणी थांबवली तर ठळक जागा जावी, पण पडताळणीची खूण जाता कामा नये. कालपर्यंत खरा असलेला माणूस हप्ता चुकला म्हणून खोटा होत नाही. खूण काढण्याची धमकी हेच वसुलीचं हत्यार झालं तर यलो पेजेसच्या नावाने चाललेल्या जुन्या लुबाडणुकीत आणि आपल्यात काय फरक उरला? तिथे यलो पेजेसचं चालत्या बोटांचं प्रसिद्ध चिन्ह अमेरिकेत कोणाच्या मालकीचं म्हणून राखलेलं नव्हतं, आणि भामटे तेच चिन्ह छापून व्यावसायिकांना खोटी बिलं पाठवायचे. नाव गळेल या भीतीने लोक पैसे भरून मोकळे व्हायचे. ज्या डिरेक्टरीत दावा मोफत आहे हे सगळ्यांना पक्कं ठाऊक असतं, तिच्या नावाने पडताळणीचे पैसे मागणारा तोतया पहिल्याच वाक्यात पकडला जातो.

राहिला खर्च. दोन माणसांनी चालवलेल्या डिरेक्टरीला इतकी तपासणी झेपणार नाही, हे खरं आहे. तिने सगळ्या नोंदी तपासल्याचा आव आणू नये. 'मालकाने अद्याप ताबा घेतलेला नाही' असं पानावर स्पष्ट लिहावं, आणि तपासणी आधी तिथून सुरू करावी जिथे चुकीच्या फोनची किंमत वाचकाला सगळ्यात जास्त मोजावी लागते: कुलूपवाले, दवाखाने, घरी येणारे कारागीर. जिथे तपासणी झाली आहे तिथेही 'सत्यापित' हा मोघम शिक्का मारू नये. या नंबरावर अमुक तारखेला फोन करून धंद्याचं नाव पटवलं, या पत्त्यावर पाठवलेला कोड अमुक तारखेला परत आला, असं सरळ लिहावं. त्या तारखेला तीन वर्षं उलटून गेली असतील तर तेही वाचकाला दिसू द्यावं.